भाड्याच्या वन बीएचकेची सजावट: आधी भिंत, मग बाजार

प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या इंदिरानगरला तिसऱ्या मजल्यावर वन बीएचके भाड्यानं घेतलंय, कार्पेट एरिया ४१० चौरस फूट. मार्चअखेर राहायला जायचंय. करार अकरा महिन्यांचा, आणि मालकांनी भिंतीला खिळे ठोकायचे नाहीत असं बजावलंय. बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर मागच्या पावसाळ्यातले ओलीचे डाग आहेत. घरात साडेतीन वर्षांची मुलगी, तिला सारखा खोकला. हाताशी पंचवीस हजार रुपये. डाग झाकायला फोमच्या विटांची ती चिकटवायची शीट लावावी का, आणि बाकी घर कसं लावावं?

शीट लावू नका.

कारण समजून घ्या, कारण बाकीच्या बऱ्याच निर्णयांना तेच लागू पडतं. ती शीट म्हणजे प्लॅस्टिकचा फोम आणि मागे गोंद. तिच्यातून वाफ आरपार जात नाही. पावसाळ्यात बाहेरून भिंतीत शिरलेलं पाणी पुढचे दोन-तीन महिने खोलीच्या बाजूनं हळूहळू उडत असतं. शीटनं ती वाट बंद होते. ओल मागे अडकते, आणि रंग, गोंद, धूळ हे बुरशीचं आयतं खाद्य तिथं आहेच. दिवाळीच्या सुमारास एखादा कोपरा सुटतो. तो ओढला की शीटच्या पाठीला पुट्टीचा थर चिकटून येतो, त्यावर काळे-हिरवट ठिपके असतात, आणि भिंतीवर उघडं करडं प्लॅस्टर उरतं. डाग झाकला गेला, पण सहा महिने तीच हवा मुलीच्या नाकात गेली, आणि घर सोडताना डिपॉझिटमधून रंगकामाचे पैसे कापले जाणार ते वेगळेच. पीव्हीसीचा वॉलपेपर आणि ओल्या भिंतीवर फासलेला ऑइल पेंट यांची गतही हीच.

ओल कुठून येते ते मार्चमध्ये ओळखणं सोपं असतं. जाड पारदर्शक प्लॅस्टिकचा दीड फूट बाय दीड फूट तुकडा डागावर ठेवा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीनं बंद करा. पट्टी रंगावर लागणार, म्हणून काढताना हळू, भिंतीला समांतर ओढायची. दोन दिवसांनी बघा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला दव साचलं असेल तर आत आत्ताही पाणी आहे. नाशिकच्या कोरड्या मार्चमध्ये भिंत ओली सापडली तर संशय पावसावर घ्यायचा नाही, नळाच्या लाइनवर घ्यायचा. भिंतीपलीकडे बाथरूम आहे का, वरच्या मजल्याचा पाइप तिथून उतरतो का, ते विचारा. प्लॅस्टिक कोरडं राहिलं आणि डाग पिवळसर कडेचा, मधे पांढरी भुकटी असा असेल, तर तो लोणा. पाणी वाळलं, क्षार मागे राहिले. म्हणजे दुखणं पावसाचं.

तिसऱ्या मजल्यावर जमिनीची ओल चढत नाही. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिम-नैऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेच्या भिंतीला सरीचा मार थेट बसतो. पाणी आत शिरतं ते बहुतेक दोन ठिकाणांहून: बाहेरच्या प्लॅस्टरला गेलेले केसासारखे तडे, आणि खिडकीची चौकट. पहिलं काम मालकांचं आहे. ते एप्रिलमध्येच मागून घ्या. मेच्या शेवटी आख्ख्या शहराला वॉटरप्रूफिंगची आठवण होते आणि माणूस मिळत नाही. दुसरं तुमच्या हातातलं आहे. अॅल्युमिनिअमच्या स्लायडिंग खिडकीच्या खालच्या पट्टीला बाहेरच्या अंगाला पाणी जायला बारीक भोकं असतात. धूळ आणि मेलेले किडे बसून ती बुजतात, पट्टीत पाणी तुंबतं आणि आतल्या बाजूला भिंतीवर उतरतं. जुना टूथब्रश आणि बारीक तार घेऊन अर्ध्या तासात ती मोकळी होतात. तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर वाहतंय ना, ते बघा. चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीला सिलिकॉन भरायचं तर ३०० मिलीची एक ट्यूब पुरते. सहा मिलिमीटर जाडीची रेघ ओढली तर ती साधारण आठ मीटर जाते, आणि चार बाय चारच्या खिडकीचा घेर पाच मीटरच्या आत बसतो. हे आतून करायचं. बाहेरची बाजू मालकांच्या माणसाकडून करून घ्या, ग्रिलबाहेर वाकून स्वतः करू नका.

डागावर बुरशी दिसत असेल तर ती कोरड्या ब्रशनं खरवडू नका, नाहीतर सगळे कण खोलीभर उडतात. मुलीला दुसऱ्या खोलीत ठेवा, खिडकी उघडा, पंखा बंद, नाकाला एन-९५ मास्क. साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्यानं पुसायचं, फडकं फेकून द्यायचं. त्यावर एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात घालून हलका हात फिरवा, दहा मिनिटांनी साध्या पाण्यानं पुसा आणि पंखा लावून पूर्ण वाळू द्या. ब्लीच आणि संडास धुण्याचं अॅसिड एकत्र येऊ देऊ नका, त्यातून क्लोरीन वायू सुटतो.

मालक त्या भिंतीपुरता रंग द्यायला तयार झाले तर एप्रिल-मे हा त्याचा काळ, भिंत तेव्हाच खरी कोरडी असते. पाण्यात मिसळणारा, कमी वासाचा रंग घ्या. चुना ओलीला चांगला, तो भिंतीला श्वास घेऊ देतो आणि त्याच्या क्षारपणामुळे बुरशी लवकर धरत नाही. पण तो आधीच्या प्लॅस्टिक इमल्शनवर पकड घेत नाही, महिन्याभरात पापुद्रे सुटतात. खाली इमल्शन असेल तर चुन्याचा नाद सोडा. रंगकाम झालं की किमान तीन-चार दिवस खोली उघडी ठेवून मुलीला हॉलमध्ये झोपवा. इमारत जुनी असेल आणि दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट खरवडायचा असेल तर तो कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून आली. त्याआधीच्या थरांत शिसं असू शकतं, आणि लहान मुलांना त्याची धूळ सर्वात वाईट. पाणी मारून, ओल्या पॉलिश पेपरनंच घासायचं.

आता सामान. पश्चिमेच्या त्या भिंतीला पलंगाचं डोकं लावायचं नाही आणि कपाटाची पाठही टेकवायची नाही. पलंग आतल्या भिंतीला, म्हणजे जिच्या पलीकडे आपलीच खोली आहे तिला. कपाटाला दुसरी जागाच नसेल तर भिंतीपासून चार इंच पुढे आणि खाली एकेक वीट किंवा रबरी बुश. चार इंच वाया गेले असं वाटतं, पण पावसाळ्यात त्या फटीतून हवा फिरते म्हणून कपाटातल्या लोकरीच्या कपड्यांना वास लागत नाही. लहान घरात सगळं भिंतीला चिकटवून मधली जागा मोकळी करायची ओढ असते. ओलीच्या भिंतीपुरती ती आवरा.

कपाट घ्यायचंच तर जुनं लोखंडी घ्या. दिसायला ते आजीच्या घरातलं वाटतं, खरं आहे. पण पार्टिकल बोर्ड आणि एमडीएफच्या नव्या वॉर्डरोबला जो वास येतो त्यात गोंदातलं फॉर्मल्डिहाइड असतं. ते महिनोन्‌महिने थोडंथोडं सुटत राहतं, उकाड्यात आणि दमटपणात जास्त, आणि डोळे, नाक, घसा यांना चुरचुरवतं. शिवाय पार्टिकल बोर्डाचा पाय एकदा ओला झाला की फुगतो, आणि दुसऱ्यांदा खोलून जोडताना स्क्रू धरत नाही. भाडेकरूच्या सामानाची खरी परीक्षा टेम्पोत चढवताना होते, तिथे ते नापास. लोखंडी कपाटाला यातलं काही नाही, वाळवीही नाही. जिन्याच्या वळणावरून जाईल का, हे घेण्याआधी टेपनं मोजा. रंग गेला असेल तर गंज घासून, बाहेर मोकळ्या जागेत रंगवून, आठवडाभर उघडं ठेवून मग घरात आणा. दरवाजांना आतून सुती कापडाचे खिसे लावले की पिना, कागदपत्रं, औषधं सगळं तिथं बसतं. बोर्डाचं फर्निचर घेणं भागच असेल तर ‘ई-१’ किंवा ‘ई-०’ असा, म्हणजे फॉर्मल्डिहाइड कमी सोडणारा, दर्जा लिहिलेला माल मागा, कापलेल्या सगळ्या कडांना पट्टी बसलेली बघा, आणि दारं-खण उघडे टाकून दोन-तीन आठवडे हवेशीर जागी ठेवून मग बेडरूममध्ये न्या.

अंबड-सातपूरच्या कारखान्यांतून सुटलेली लाकडी पॅलेट भंगारवाल्यांकडे मिळतात आणि त्यांचं टीपॉय, बुटांचं रॅक चांगलं होतं. घेताना फळीवरचा शिक्का बघा. इंग्रजी ‘एच टी’ म्हणजे लाकूड उष्णता देऊन किडमुक्त केलेलं, ते घरात चालतं. ‘एम बी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं, ते नको. शिक्काच नसलेलं किंवा तेलाचे, रसायनाचे डाग पडलेलं असेल तर दुसरं शोधा.

बॉक्स बेडमध्ये सामान मावतं म्हणून सगळे तोच घेतात. बंद पेटीवर गादी म्हणजे पावसाळ्यात खालून घाम. पट्ट्यांचा लोखंडी पलंग घ्या, खाली दहा-बारा इंच मोकळे, त्यात चाकाच्या दोन ट्रंका. केर काढायला ट्रंक ओढली की झालं. गादी थेट फरशीवर टाकून ‘जपानी’ थाट करायचा विचार असेल तर तो जुलैत अंगाशी येतो, महिन्याभरात गादीच्या पोटाला ठिपके पडतात. कापसाची गादी भरून घेत असाल तर सिंगलला आठ ते दहा किलो कापूस सांगा, आणि दोन सिंगल गाद्या करा, एक डबल नको. डबल गादी गच्चीवर उन्हात टाकायला दोन माणसं लागतात, म्हणून ती कधीच जात नाही. धुळीतल्या किड्यांना दमट हवा मानवते. तुमच्या मुलीच्या खोकल्यात त्यांचा वाटा असू शकतो, पण ते ठरवायचं काम डॉक्टरांचं. घरात करायचं ते इतकंच: उशांचे अभ्रे आणि चादरी आठवड्याला गरम पाण्यात, ५५-६० अंशांवर. मशिनच्या ‘गरम’ बटणावर भरवसा ठेवण्याआधी ते किती अंशांचं आहे ते बघा. फरशीवर जाड गालिचा नको, सुती सतरंजी पुरे. ती झटकता येते आणि बादलीत धुता येते. मुलीच्या पलंगावर मऊ खेळण्यांचा ढीगही नको. दोन ठेवा आणि तीही धुण्यात टाका.

कपाटात डांबरगोळ्या टाकायची सवय असेल तर सोडा. नॅप्थलीनची वाफ लहान मुलांना बाधते. जी-सिक्स-पीडी या विकराची कमतरता असलेल्या मुलांच्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात, आणि ती कमतरता आहे हे बऱ्याच घरी माहीतही नसतं. कपडे नीट वाळवून, ऊन दाखवून ठेवले तर गोळ्यांची गरज पडत नाही. कडुलिंबाचा वाळलेला पाला पातळ कापडात बांधून ठेवला तरी चालतो. कापराची वडीसुद्धा मुलीच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, गिळली तर विषारी असते.

पडद्यांचा रंग निवडण्याआधी दिशा बघा. नाशिक साधारण २० अक्षांशावर आहे. मेच्या तिसऱ्या आठवड्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर जुलैपर्यंत किंचित उत्तरेला असतो. म्हणून मेमध्ये दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही, छज्जा त्याला अडवतो. डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य दक्षिणेला ४६-४७ अंशांवर उतरतो आणि त्याच खिडकीतून ऊन चार-पाच फूट आत शिरतं. ते फुकटचं ऊन आहे, नाशिकच्या थंडीत सोनं. दक्षिणेला पातळ सुती पडदा पुरे. पश्चिमेची खिडकी वेगळी. तिथं एप्रिल-मेत तीननंतर ऊन सरळ आडवं येतं, आणि जाड पडदा आतून लावला तरी उष्णता काचेच्या आत आलेलीच असते. ते बाहेर अडवायचं. द्राक्षबागा आणि नर्सऱ्यांमुळे इथं शेतीसामानाच्या दुकानांत हिरवं शेडनेट फुटावर मिळतं. ५० टक्के सावलीचं घ्या, ग्रिलला आतून केबल टायनी बांधा, हवा येत राहते. ७५ टक्क्यांचं घेतलं तर खोलीत दिवसा दिवा लावावा लागतो. पावसाळ्याआधी ते सोडून गुंडाळून ठेवायचं, नाहीतर ओलसर जाळी भिंत वाळू देत नाही. ग्रिल मालकांचं, टाय तुमचे, भिंतीला हात लागत नाही.

पडद्याला खिळा नको तर खिडकीच्या खाचेत बसणारा स्प्रिंगचा टेन्शन रॉड. तो हलकाच भार पेलतो, जाड अस्तराचा पडदा ओढला की निसटतो. चार फुटी खिडकीला सुती कापडाचे दोन भाग, एकूण रुंदी खिडकीच्या दीडपट म्हणजे सहा फूट. मेन रोड-शालिमारकडून कापड आणलं की शिवण्याआधी एकदा धुवा. सुती कापड आटतं, आणि चार फुटात दोन इंच आटलं तर खालून पट्टीभर ऊन दिसतं. पडदा खिडकीच्या कठड्यापर्यंतच ठेवा. जमिनीपर्यंत लोंबणारा पडदा फोटोत छान दिसतो, पण तो धूळ गोळा करतो आणि ओलीच्या भिंतीचा निम्मा भाग झाकतो.

चिकटवायचे हूक टाइल्स, काच, सनमायका, लोखंडी कपाट यांवर उत्तम बसतात. रंगवलेल्या भिंतीवर हूक रंगाला धरून ठेवतो, पण रंग पुट्टीला धरून ठेवत नाही, म्हणून दोन किलोची पिशवी पुट्टीसकट खाली येते. लावण्याआधी जागा पुसा, वाळवा, हूक दाबून बसवा आणि चोवीस तास काही टांगू नका. काढताना हेअर ड्रायरनं अर्धा मिनिट गरम करून खालच्या बाजूला सरकवा. फ्रेम टांगायच्या ऐवजी कपाटाच्या डोक्यावर किंवा बुटक्या रॅकवर टेकवून ठेवल्या तरी खोली भरलेली दिसते. दाराच्या माथ्यावर अडकवायचे हूकही कामाचे.

एका ठिकाणी मात्र मालकांकडे भोकाची परवानगी मागाच. साडेतीन वर्षांचं मूल खण उघडून त्यावर चढतं, आणि उंच, अरुंद रॅक त्याच्या अंगावर येतो. तीन-साडेतीन फुटांपेक्षा उंच काही घेतलं तर ते वरून भिंतीला बांधलं पाहिजे. सहा मिलिमीटरची दोन भोकं, दोन प्लग, एक पट्टी. घर सोडताना पांढरी पुट्टी भरून, घासून देऊ असं लिहून द्या. मालक नाहीच म्हणाले तर उंच रॅक घेऊच नका, आणि जड सामान सगळ्यात खालच्या खणात. लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे बंधनकारक आहे आणि ती करून घेणं मालकांची जबाबदारी. त्याच करारात ओलीच्या भिंतीची सध्याची स्थिती आणि या दोन भोकांची ओळ घालून घ्या. राहायला जाण्याआधी रिकाम्या घराचे, विशेषतः त्या भिंतीचे, तारखेसह फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा.

दिवे घेताना दुकानदार न विचारता ‘कूल डे लाइट’ हातात ठेवतो. तो ६५०० केल्विनचा पांढरा-निळसर उजेड असतो, ओट्यावर भाजी निवडायला चालतो. बेडरूममध्ये २७०० ते ३०००, पिवळसर. नऊ वॅटचा एलईडी बल्ब आठ-नऊशे ल्युमेन देतो, १० बाय १० च्या खोलीला वरचा एक आणि पलंगाशेजारी क्लिपचा एक पुरतो. हॉलला वीस वॅटची एक ट्यूब आणि कोपऱ्यात एक पिवळा दिवा. खोली मोठी वाटायला आरसा लावा असं सगळे सांगतात, ते खरंही आहे, पण आरसा खिडकीच्या समोर नको, पश्चिमेचं ऊन सरळ डोळ्यात येतं. शेजारच्या भिंतीला टेकवा, आणि मूल आहे म्हणून खालून दोन अडसर लावा.

सहा अँपिअरच्या एक्सटेंशन बोर्डावर इस्त्री चालेल, ती हजार वॅटची, म्हणजे साडेचार अँपिअरच्या आत. दोन हजार वॅटचा हीटर जवळपास नऊ अँपिअर ओढतो, त्याला भिंतीतलं मोठं सॉकेटच हवं. वायर सतरंजीखालून नेऊ नका.

स्वयंपाकघर लहान असलं की वाफ आणि धूर थेट बेडरूमकडे जातात. गॅस जळतो तेव्हा त्यातून पाण्याची वाफ आणि नायट्रोजन डायऑक्साइड निघतात, फोडणीचा धूर त्यावर. नऊ इंची एक्झॉस्ट फॅन खिडकीच्या काचेच्या एका तुकड्याच्या जागी बसतो. काच जपून ठेवा, सोडताना परत बसवायची असते. फॅन लावताना हॉलची खिडकी थोडी उघडी असली पाहिजे, नाहीतर तो नुसता आवाज करतो. कपडे घरात वाळवायची वेळ आलीच तर एका धुण्यातून दीड-दोन लिटर पाणी हवेत येतं हे लक्षात ठेवा. स्टँड बाल्कनीत किंवा एक्झॉस्टच्या बाजूला, बेडरूममध्ये कधीच नाही.

बाथरूममध्ये आधीच्या भाडेकरूनं किंवा मालकांनी गॅस गिझर बसवला असेल तर आधी त्याच्याकडे बघा, पडदे नंतर. बंद बाथरूममध्ये तो कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नसतो, नाशिकची जानेवारीतली पहाट, घट्ट लावलेली खिडकी, आणि दहा मिनिटांत माणूस कोसळतो. गिझर आणि सिलेंडर बाथरूमबाहेर, उघड्या हवेत असले पाहिजेत. तसं करता येत नसेल तर वापरू नका, विजेचा गिझर मागा.

डासांची कॉइल मुलीच्या खोलीतून काढा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून निघणारे सूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके मोजले गेले होते. त्याऐवजी खिडकीला नायलॉनची जाळी, चौकटीला वेल्क्रो पट्टी चिकटवून. घर सोडताना पट्टीचा गोंद खोबरेल तेलानं निघतो. जाळी महिन्याला एकदा सोडून धुवा, धुळीनं भरली की हवा निम्मी होते. उदबत्ती लावायची तर खिडकी उघडून एक, बंद खोलीत तीन नाही. डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि कुंडीखालच्या ताटलीतल्या चमचाभर पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातला एक ‘कोरडा दिवस’ ठरवून ताटल्या आणि कुलरची टाकी उलटी करा. कुलर एप्रिल-मेमध्ये छान चालतो, हवा कोरडी असते. खिडकी उघडी ठेवूनच चालवा, आणि पहिल्या पावसानंतर बंद.

झाडांविषयी बाजारात फार गप्पा आहेत. १९८९ च्या नासाच्या प्रयोगावरून मनीप्लांट आणि स्नेक प्लांट ‘हवा शुद्ध करतात’ हे पसरलं. तो प्रयोग बंद लहान पेट्यांत झाला होता. २०१९ मध्ये अशा प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले तेव्हा उघड्या खिडकीइतका परिणाम मिळवायला दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील असं दिसलं. ४१० चौरस फुटांत तेवढी झाडं लावली तर तुम्ही कुठे राहणार! झाडं डोळ्यांसाठी ठेवा, बाल्कनीत पुदिना, गवती चहा, तुळस. मनीप्लांट चावला तर तोंडाची आग होते, स्नेक प्लांटही पोटाला बाधतो, म्हणून ते मुलीच्या हातापेक्षा उंच. बेडरूममध्ये ओल्या मातीची कुंडी नको, तिथं दमटपणा आधीच पुष्कळ.

पंचवीस हजार असे वाटा: पलंग आणि दोन गाद्यांना बारा, जुन्या लोखंडी कपाटाला रंगासकट पाच, पडदे, जाळी, शेडनेट मिळून तीन, एक्झॉस्ट आणि दिव्यांना तीन. उरलेल्या दोनमध्ये सिलिकॉन, सतरंजी आणि दमटपणा मोजणारं छोटं डिजिटल यंत्र. दर दुकानागणिक बदलतील. कमी पडले तर दिवे कमी करा, गादीत कपात नको. सोफा यात नाही, आणि पहिल्या वर्षी नसलेलाच बरा. दोन जाड गाद्यांची बैठक करा, थेट फरशीवर नाही, पॅलेटवर; रात्री पाहुण्याची झोप होते.

ते यंत्र पलंगाशेजारी ठेवा. आकडा ६० टक्क्यांच्या आत असेल तर निवांत. जुलैत तो ८० च्या वर जाईल, तेव्हा नुसती खिडकी उघडून तो उतरणार नाही, बाहेरची हवाच दमट असते. पाऊस थांबलेल्या तासांत दोन समोरासमोरच्या खिडक्या उघडा, पंखा चालू ठेवा, कपाटाची दारं अर्धा तास उघडी टाका. जूनमधल्या पहिल्या दोन जोरदार पावसांनंतर कपाट एक फूट पुढे ओढा आणि मागच्या भिंतीवर तळहात टेकवून बघा. हाताला गार, चिकट लागलं तर त्याच दिवशी फोटो काढून मालकांना पाठवा, आणि कपाट पावसाळा संपेपर्यंत तिथेच, एक फूट पुढे राहू द्या.